आरोपीचा वकील पहिल्याच दिवशी हवा

चार दिवसांसाठी गावी लग्नकार्याला गेलेल्या कुटुंबाला परतल्यावर दाराचा कडीकोयंडा तुटलेला, कपाट उचकटलेले आणि सासूकडून सुनेकडे आलेल्या बोरमाळेचा डबा रिकामा दिसावा, यात त्या कुटुंबाचे जे जाते ते केवळ तोळ्यामाशांत मोजण्यासारखे नसते. कारण माणसाने निर्धास्तपणे पाठ टेकावी अशी जी एकमेव जागा जगात त्याच्या मालकीची असते, त्या जागेवरचा विश्वासच त्या रात्री उडालेला असतो आणि पुढे कित्येक महिने घरातील लेकरेबाळे जराशा आवाजाने दचकून उठत असतात. घरफोडी झालेल्या माणसाचा संताप सर्वथैव न्याय्य आहे, हे आरंभीच निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. कारण या लेखात आरोपीच्या बाजूने जे लिहावयाचे आहे ते त्या संतापाला उणे लेखून लिहावयाचे नाही.

पुढे काही दिवसांनी त्याच शहराच्या वर्तमानपत्रात ‘अट्टल घरफोड्या जेरबंद, अनेक गुन्हे उघडकीस’ अशा मथळ्याची बातमी येते. तिच्यासोबत टेबलावर मांडलेले दागिने, मागे उभे असलेले स्थानिक गुन्हे शाखेचे अधिकारी आणि त्यांच्या पुढे बसविलेले, तोंडावर काळे फडके बांधलेले दोघे-तिघे असे छायाचित्र असते. न्यायालयासमोर अद्याप एक अक्षरही शाबीत झालेले नसताना गावाच्या लेखी खटल्याचा निकाल त्या सकाळीच लागलेला असतो आणि त्यानंतर जो वकील त्या इसमाचे वकीलपत्र दाखल करील त्याला ‘चोराची बाजू कशी घेता?’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागते. माझे म्हणणे असे आहे की तो वकील हवाच, एवढेच नव्हे तर तो अटकेच्या पहिल्याच दिवशी, ठाण्याच्या पायरीपाशी आणि पहिल्या रिमांडच्या वेळी हवा. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर येणारा वकील कितीही निष्णात असला तरी घरफोडीच्या खटल्यातील अर्धी लढाई त्याच्या गैरहजेरीत होऊन गेलेली असते.

हे असे का, ते कळण्यासाठी या गुन्ह्याच्या पुराव्याची जडणघडण पाहिली पाहिजे. घरफोडीला बहुधा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसतो. फिर्याद ‘अज्ञात इसमा’विरुद्ध दाखल होते. क्वचित एखादा बोटांचा ठसा मिळतो, शेजारच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात एखादी अंधुक आकृती सापडते. परंतु बहुसंख्य खटल्यांचा डोलारा उभा असतो तो ‘रिकव्हरी’वर, म्हणजे आरोपीने पोलिस कोठडीत असताना केलेल्या निवेदनावरून मुद्देमाल हस्तगत झाला, या एका गोष्टीवर. पोलिस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात ग्राह्य नाही, असा दंडक 1872 च्या पुरावा कायद्याने घातला आणि 2024 च्या 1 जुलैपासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये तो कायम राहिला. परंतु त्याच कलमाला एक अपवाद जोडलेला आहे, तो असा की आरोपीच्या माहितीवरून एखादी वस्तुस्थिती उघडकीस आली तर त्या माहितीचा तेवढ्यापुरता भाग पुरावा म्हणून वापरता येतो. हा ‘तेवढ्यापुरता भाग’ किती, याचा निर्वाळा पाऊणशेहून अधिक वर्षांपूर्वी प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टया यांच्या खटल्यात दिला आणि आजही आपली न्यायालये त्याचाच आधार घेतात. ‘दागिने मी अमुक बाभळीखाली पुरले आहेत, ते काढून देतो’ हे वाक्य ग्राह्य. ‘ते मी अमक्याचे घर फोडून चोरले’ हे वाक्य त्याच कागदावर, त्याच अंगठ्याच्या निशाणीवर लिहिलेले असले तरी अग्राह्य.

आता ही सारी प्रक्रिया घडते केव्हा? निवेदन पंचनामा, पंचांना पाचारण, सरकारी जीपमधून त्या बाभळीपर्यंतचा प्रवास, उकरलेली माती, लाखेची मोहोर, पंचांच्या सह्या, हे सर्व अटकेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत, पोलिस कोठडीच्या मुदतीत उरकलेले असते. ज्या आरोपीला त्या दिवसांत वकील असतो त्याच्या अटकेची नेमकी वेळ व कारणे लेखी मागितली जातात, वैद्यकीय तपासणीत अंगावरच्या वळांची नोंद होते, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर कोठडी वाढवून मागताना ‘आणखी तपास करावयाचा आहे’ एवढे मोघम कारण चालत नाही, चौकशीच्या दरम्यान वकिलाला भेटण्याचा जो अधिकार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 38 ने दिला आहे तो बजावला जातो आणि झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करण्याचे जे बंधन त्याच संहितेच्या कलम 105 ने घातले आहे त्याचे काय झाले, हे विचारणारा कोणीतरी असतो. ठाण्यातील कॅमेऱ्यांचे चित्रीकरण ठरावीक मुदतीनंतर पुसले जाते. ते जतन करावे असा अर्ज वेळीच झाला नाही तर आरोपी प्रत्यक्षात केव्हा ठाण्यात आणला गेला, या प्रश्नाचे उत्तर कायमचे हरवते. वर्षा-दोन वर्षांनी जेव्हा तो पंच साक्षीला येतो आणि ‘सही माझी आहे, मजकूर आठवत नाही’ असे सांगतो, तेव्हा उलटतपास घेणाऱ्या वकिलाच्या हाती या कागदांपैकी काही नसेल तर त्याने करावे तरी काय?

दागिन्यांच्या ओळखीचेही तसेच. हस्तगत झालेला माल कित्येकदा अखंड दागिना नसून सराफाकडून जप्त केलेली सोन्याची लगड असते आणि लगडीवर कोणाचेही नाव नसते. चोरीनंतर लवकरच चोरीची वस्तू ज्याच्या ताब्यात सापडली आणि ज्याला तिचा हिशेब देता आला नाही तो चोर किंवा चोरीचा माल घेणारा असावा, असे अनुमान न्यायालयाला काढता येते. पण ‘लवकरच’ म्हणजे किती दिवस, हे वस्तूवर अवलंबून असते. हातोहात फिरणारी नाण्यासारखी वस्तू आणि आडनाव कोरलेले चांदीचे ताट यांना एकच माप लावता येत नाही. फिर्यादी गृहिणीने आपले मंगळसूत्र ओळखले म्हणजे काय केले, तशाच चार मंगळसूत्रांतून ओळखले की पोलिसांनी पुढे धरलेले एकच पाहून मान डोलावली, हा प्रश्न विचारणे म्हणजे त्या गृहिणीचा अवमान करणे नव्हे. तिच्या मंगळसूत्राच्या जागी दुसऱ्याच कोणाचे तिच्या हाती पडू नये, यासाठीही तो विचारला गेला पाहिजे.

एक बारकावा विशेष सांगण्याजोगा आहे, कारण तो वकिलाखेरीज सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. चोरी करण्यासाठी केलेली घरफोडी दिवसा झाली तर न्याय संहितेच्या कलम 331 खाली कमाल शिक्षा 10 वर्षांची, आणि सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी झाली तर 14 वर्षांची. जुन्या दंड संहितेतील 454 व 457 या कलमांतही हाच भेद होता. घर चार दिवस कुलूपबंद होते, कुलूप केव्हा तुटले हे कोणालाच ठाऊक नाही, तरीही फिर्यादीत सरसकट रात्रीचेच कलम लागलेले आढळते. रात्र शाबीत करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची आहे, एवढे सांगणारा वकील नसेल तर हा मुद्दा कोणी काढीतच नाही. त्याबरोबर दुसरीही गोष्ट ध्यानात घ्यावी: हे खटले बहुधा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतात आणि त्यांचा शिक्षेचा अधिकार 3 वर्षांपर्यंतच असतो, त्याहून कडक शिक्षा योग्य वाटली तर त्यांना प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे लागते. ‘चौदा वर्षे आत जाशील’ ही धमकी ऐकून ज्या आईने घरची दोन बकरी विकली आणि हातावरचे पैसे कोणा मध्यस्थाला दिले, तिला हे सत्य पहिल्या दिवशी कोणी सांगितले असते तर तिची ती बकरी दावणीला राहिली असती.

या भीतीच्या व्यापारातूनच सर्वांत घातक सल्ला जन्म घेतो. जामीनदार मिळत नाही म्हणून तरुण पाच-सहा महिने कारागृहात असतो आणि मग कोणीतरी त्याच्या कानाशी लागते: ‘गुन्हा कबूल करून टाक, भोगलेली शिक्षा धरून साहेब सोडतील.’ तो कबूल करतो, संध्याकाळी घरी जातो आणि आपण सुटलो असे समजतो. वस्तुतः त्या दिवशी तो दोषसिद्ध गुन्हेगार झालेला असतो. पूर्वी दोषी ठरलेल्या माणसावर मालमत्तेविरुद्धचा तसाच गुन्हा पुन्हा शाबीत झाला तर न्याय संहितेच्या कलम 13 खाली, म्हणजे जुन्या कलम 75 प्रमाणे, त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. महाराष्ट्र पोलिस अधिनियमाखाली तडीपारीची नोटीस निघू शकते. आणि पंचक्रोशीत पुढे कोठेही कडीकोयंडा तुटला की पहिली जीप त्याच्या पालाकडे वळते. न केलेल्या गुन्ह्याची ही कबुली पुढच्या प्रत्येक आरोपाचा पाया होऊन बसते. ज्या वकिलाने हे परिणाम समजावून न सांगता अशिलाला कबुली द्यावयास लावली, त्याने आपले कर्तव्य केले नाही, असे मी स्पष्ट म्हणतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्व आरोपींना सारखा जाचत नाही, हे झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही. 1871 साली इंग्रज सरकारने केलेल्या आणि पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी, कैकाडी, टकारी, भामटा अशा कित्येक जमातींतील माणसांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणामागे पिढ्या हजेरी देत वाढल्या. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा देशभर रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणविल्या गेल्या; पण 1959 साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा केला आणि जुन्या संशयाने नवा अंगरखा घातला. ऑक्टोबर 2024 मध्ये सुकन्या शांता या पत्रकार भगिनीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांतील जातिनिष्ठ नियम घटनाबाह्य ठरविले, तेव्हा स्वातंत्र्यानंतर पंच्याहत्तर वर्षे उलटूनही विमुक्त जमातींविषयीची तीच वसाहतकालीन दृष्टी त्या नियमांच्या शब्दाशब्दांत टिकून असल्याचे साऱ्या देशाला दिसले.

या दृष्टीची परिणती किती भयंकर होऊ शकते याचे उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे. 2003 साली एका कुटुंबाच्या वस्तीवर दरोडा पडला, खून झाले, अत्याचार झाले आणि त्या प्रकरणी भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांना अटक झाली. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2009 साली सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांची फाशी ठरविली. पुढे पुनर्विलोकनाच्या मार्गाने तीच प्रकरणे त्याच न्यायालयापुढे पुन्हा आली आणि मार्च 2019 मध्ये सहाही जण निर्दोष सुटले. वाचलेल्या साक्षीदाराने घटनेनंतर लवकरच पोलिसांच्या छायाचित्रांच्या संग्रहातून भलत्याच चौघांना ओळखले होते, ही गोष्ट मूळ खटल्यात दडवली गेली होती. न्यायालयाने प्रत्येकाला 5 लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम केला. परंतु 16 वर्षांचा कारावास, त्यातील बरीच वर्षे फाशीच्या छायेत, यांची भरपाई कोणत्या खजिन्यातून व्हावयाची? साक्षीदाराने आधी कोणाला ओळखले, हा प्रश्न पहिल्याच वर्षी कोणी चिकाटीने विचारला असता तर! आणि ज्या कुटुंबाचा संहार झाला त्याला तरी काय मिळाले? ज्यांच्याकडे बोट दाखविले गेले होते त्यांच्यामागे तपास कधी नेटाने गेलाच नाही. आरोपीला वकील मिळाला की फिर्यादीचे नुकसान होते, असे मानणाऱ्यांनी या एका निकालपत्राचे वाचन अवश्य करावे.

तेव्हा ज्याच्या घरातील मुलाला घरफोडीच्या आरोपाखाली पकडले गेले आहे, त्याने वकील कसा करावा? ज्याची रोजची बैठक न्यायदंडाधिकाऱ्यांच्या फौजदारी कोर्टात आहे असा वकील, मोठ्या शहरातील नामांकित पण वर्षातून एकदा येणाऱ्या वकिलापेक्षा, या कामी बहुधा अधिक उपयोगी पडतो. तो रिमांडपूर्वी आरोपीला भेटतो की नाही, फिर्यादीची प्रत मागून घेऊन वाचतो की नाही, फी जामिनापुरती आहे की खटला संपेपर्यंतची हे कागदावर लिहून पावती देतो की नाही, हे पाहावे. निकालावर अवलंबून फी ठरविण्यास बार कौन्सिलच्या नियमांनीच मज्जाव आहे. म्हणून ‘सुटला तर इतके द्या’ म्हणणारा, किंवा ‘साहेबांशी बोलणे झाले आहे’ असे सुचविणारा, यांच्यापासून दूर राहावे. आणि एकदा वकीलपत्रावर सही केली की त्याच्यापासून काही लपवू नये. अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाला त्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाही, असे संरक्षण साक्ष्य अधिनियमानेच दिले आहे. 1908 च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्यांनी आपला बचाव स्वतः केला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ते कायद्याचे पदवीधर होते, त्यांनी कायद्याचे वर्ग चालविले होते. वीटभट्टीवरच्या मजुराकडून ती अपेक्षा करता येत नाही.

वकिलाला पैसे नाहीत, ही अडचण कायद्याच्या दृष्टीने अडचणच नव्हे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 12 प्रमाणे कोठडीत असलेल्या प्रत्येक माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. 1978 साली होसकोट यांच्या प्रकरणात, जे महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेले होते, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी विनामूल्य विधी साहाय्य हे सरकारचे कर्तव्य असल्याचे सांगितले. 1986 साली सुक दास यांच्या प्रकरणात वकिलावाचून झालेली शिक्षाच न्यायालयाने रद्द केली. आणि 2012 साली कसाबच्या अपिलाचा निकाल देताना, ज्याच्याविषयी कोणाच्याही मनात सहानुभूती असणे शक्य नव्हते अशा आरोपीच्या निमित्ताने, त्याच न्यायालयाने बजावले की पहिल्यांदा हजर केलेल्या प्रत्येक आरोपीला वकिलाच्या अधिकाराची जाणीव करून देणे आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील देणे हे न्यायदंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. वकील संघांनी अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असे ठराव करणे बेकायदा आहे, हेही 2010 साली ठरून चुकले आहे. सांप्रत जिल्ह्याजिल्ह्यांत लोक अभिरक्षक कार्यालये उघडली गेली आहेत आणि 15100 या क्रमांकावर देशात कोठूनही विधी साहाय्य मागता येते.

कायदा आहे, यंत्रणा आहे. उणीव आहे ती वेळेची. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 2019 सालीच अटकेपूर्वी, अटकेच्या वेळी आणि रिमांडच्या वेळी वकील उपलब्ध करण्याची योजना आखून दिली. तरीही कित्येक तालुक्यांत विनामूल्य वकिलाची नेमणूक दोषारोप निश्चित होण्याच्या सुमारास होते आणि तोपर्यंत निवेदन पंचनामा, जप्ती, ओळख, कोठडी हे सर्व होऊन दप्तरात बांधले गेलेले असते. जामीन मंजूर झाला तरी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला आणि सातबारा उतारा असलेला जामीनदार भटक्या कुटुंबाने आणावयाचा कोठून? 1978 साली मोतीराम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणात 10,000 रुपयांचा जामीन मागणे आणि जामीनदार परजिल्ह्यातील आहे म्हणून नाकारणे या दोन्ही गोष्टी सर्वोच्च न्यायालयाने अनुचित ठरविल्या. त्या निकालाची प्रत प्रत्येक न्यायदंडाधिकाऱ्यांच्या टेबलावर असावयास हवी.

म्हणून माझी मागणी मोघम नाही. रविवार व सुट्टीच्या दिवशी आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांच्या निवासस्थानी हजर करतात. त्या दिवशीही लोक अभिरक्षकाचा वकील तेथे हजर असलाच पाहिजे, आणि तो हजर होता की नाही, आरोपीशी त्याचे बोलणे झाले की नाही, याची नोंद रिमांडच्या हुकमातच व्हावी. तुरुंगातील कोणीही गुन्हा कबूल करू पाहील तेव्हा कबुलीचे परिणाम त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितल्याची वकिलाची सही न्यायालयाने घेतल्याखेरीज ती कबुली स्वीकारू नये. प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भागी, फिर्यादीच्या टेबलाशेजारी, 15100 हा क्रमांक मराठीत आणि त्या भागातील भटक्या-विमुक्तांच्या बोलीत लिहिलेला असावा. आणि आम्ही वर्तमानपत्रांनी, ज्या पानावर अटकेची बातमी छायाचित्रासह छापली, त्याच पानावर, तेवढ्याच जागेत, तो माणूस निर्दोष सुटल्याची बातमी छापावी. अटकेच्या बातमीचा पाठपुरावा निकालापर्यंत करणे हे प्रत्येक जिल्हा वार्ताहराच्या कामाचा भाग म्हणून संपादकांनी लेखी ठरवून द्यावे.